परभणीतलं आमचं फायबर कनेक्शन: चौकापर्यंतचं आणि घरापर्यंतचं

आधी निकाल सांगतो, मग सविस्तर. ऑपरेटर तोच, शंभर एमबीपीएसचा प्लॅन तोच, महिन्याचं बिल तेच, बदलली फक्त गल्लीच्या तोंडापासून माझ्या दुकानापर्यंतची वायर. आधी तांब्याची होती, आता काचेची आहे. आधीच्या सर्व्हिसला पाचपैकी दोन, आताच्या सर्व्हिसला पाचपैकी चार. ऑपरेटरचं नाव टाकत नाही, कारण जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड, जिथं जिथं ओळखीच्यांना विचारलं तिथं साधारण असंच चालायलंय, आणि नेट घेताना लोक स्पीड विचारतात, रेट विचारतात, सोबत ओटीटी फुकट आहे का ते विचारतात, पण घरात येणारी वायर कसली आहे हे कुणी विचारत नाही. ते विचारावं म्हणून लिहायलोय.

माझं वसमत रोडच्या बाजूला सेवा केंद्र आहे, खाली दुकान, वर घर. पुतणी नीटची तयारी करते, तिचे लाईव्ह क्लास वर चालू असतात, खाली दिवसभर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पॅन कार्ड, जे येईल ते. आमच्या कामात डाऊनलोडपेक्षा अपलोड महत्त्वाचा, कारण आम्ही दिवसभर लोकांची कागदं स्कॅन करून वर चढवत असतो.

तर आधी काय होतं ते सांगतो. गल्लीच्या तोंडाला एका अपार्टमेंटच्या गच्चीवर लोखंडी पेटी आहे. ऑपरेटरच्या ऑफिसपासून त्या पेटीपर्यंत फायबर यायचं. पेटीत एक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचं लॅनच्या विजेत रूपांतर करणारी डबी, त्याच्या शेजारी आठ पोर्टचा स्विच, आणि तिथून पुढं काळी लॅन केबल. ती केबल गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांना वेढा देत, एका कडुलिंबाच्या फांदीवरून, लाईटच्या खांबाला बांधून आमच्या खिडकीत यायची. पॅम्प्लेटवर मात्र मोठ्या अक्षरात ‘फायबर ब्रॉडबँड’ छापलेलं. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, “काका, फायबरच आहे की, शेवटचं थोडंसंच केबल आहे.” सगळं दुखणं त्या थोड्याशातच होतं.

एकदा नेट सारखं तुटायलं म्हणून त्याचा पोरगा बघायला आला, मी त्याच्यासोबत गच्चीवर गेलो. टाकीजवळ काळ्या टेपचा एक गोळा होता. टेप सोडवली तर आत आठही तारा नुसत्या हातानं पिळून जोडलेल्या, उन्हानं टेपचा डिंक वितळून खाली ओघळलेला, आणि दोन तारांच्या टोकाला पांढरी भुकटी. पोरानं ब्लेडनं एक तार खरवडून दाखवली, वरून तांबूस आणि आतून पांढरी. म्हणजे केबल तांब्याची पण नव्हती, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली होती. बाजारात हिला सीसीए केबल म्हणतात, स्वस्त पडते म्हणून सर्रास वापरली जाते. तिचा रेझिस्टन्स जास्त, वाकवली की मोडते, आणि जॉइंटात ओल गेली की अ‍ॅल्युमिनियम खराब व्हायला वेळ लागत नाही. परभणीत मे महिन्यात उन्हाचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, त्या उन्हात घरात वापरायची केबल गच्चीवर टाकली तर वरचं प्लास्टिक तडकणारच.

आता लॅन केबलचा नियम असा की चांगल्या अस्सल तांब्याच्या कॅट-५ई केबलला पण १०० मीटरची मर्यादा आहे, त्यापुढं सिग्नलची खात्री नाही. आमच्या पेटीपासून दुकानापर्यंतची केबल सहज दीडशे मीटरच्या वर असेल, मध्ये जॉइंट वेगळे. आणि पुढची गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. शंभर एमबीपीएसच्या लिंकला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून काही ठिकाणी एकाच केबलमधून दोन घरं चालवतात, चार तारा तुम्हाला, चार शेजाऱ्याला. चालतं, पण मग ती लिंक शंभरच्या वर कधीच जाऊ शकत नाही. आमच्या शेजारच्या सरांनी दोनशेचा प्लॅन घेतला होता आणि त्यांची अन् माझी केबल एकच निघाली, ते बिचारे दर महिन्याला दोनशेचे पैसे भरायलेत आणि टेस्टमध्ये ब्याण्णव-त्र्याण्णव बघायलेत. हे चूकच आहे. वायर शंभराच्या वर देऊ शकत नाही हे ऑपरेटरला पक्कं माहीत असताना दोनशेचा प्लॅन विकायला नाही पाहिजे.

जायकवाडीचा डावा कालवा आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो, कालव्यात पाणी असूनही चारी फुटकी असली की टेलच्या शेतकऱ्याला काय मिळतं हे इकडं कुणाला सांगायची गरज नाही. नेटचं तेच आहे. पुण्या-मुंबईपासून परभणीपर्यंत फायबर, गावात फायबर, चौकात फायबर, आणि शेवटच्या दीडशे मीटरात सगळा स्पीड सांडून जातो.

बरं नुसता स्पीडच नाही. गच्चीवरच्या त्या पेटीला लाईट लागते. आमच्याकडं इन्व्हर्टर आहे, राऊटर चालू, कॉम्प्युटर चालू, पण अपार्टमेंटची लाईट गेली आणि पेटीतली छोटी बॅटरी संपली की सगळ्या गल्लीचं नेट बंद. आणि वीज पडली की वेगळीच पंचाईत. मराठवाड्यात रोहिणी-मृगाच्या तोंडाला आणि परत जाताना पाऊस कसा कडकडाट करत येतो ते आपण बघतोच. गच्च्यांवरून गेलेली धातूची लांब वायर म्हणजे जवळपास वीज पडली की त्या झटक्याला थेट घरात यायची वाट. आमच्या राऊटरचा लॅन पोर्ट असाच गेला, समोरच्यांचा तर राऊटर आणि त्याला जोडलेला टीव्ही दोन्ही गेले. काचेतून वीज वाहत नाही, हा फायबरचा फायदा जाहिरातीत कुणी सांगत नाही पण आपल्याकडं तो स्पीडच्या बरोबरीचा आहे. ड्रॉप वायरमध्ये, म्हणजे खांबापासून घरात येणाऱ्या फायबरच्या वायरीत, ताण धरायला स्टीलची तार असते बऱ्याचदा, ती तेवढी उपकरणापर्यंत न आणता बाहेरच तोडायला लावायची.

जुलैत पीक विम्याचे दिवस आले की या वायरीचा खरा त्रास कळायचा. पाथरी, पूर्णा, ताडकळसहून लोक सकाळपासून येऊन बसलेले, सातबारा, आठ-अ, बँक पासबुक, पेऱ्याचं घोषणापत्र, एकेकाचे चार-चार कागद अपलोड करायचे. अशा वेळी स्पीड टेस्टला नेट ठीक दिसायचं पण मध्येच पॅकेट तुटायचे, अपलोड ऐंशी टक्क्यांवर जाऊन अडकायचा, ओटीपी मोबाईलवर यायचा आणि पेज उघडेपर्यंत त्याची मुदत संपायची. शेवटच्या तारखेला म्हातारा माणूस रोजगार बुडवून समोर बसलेला असतो आणि आपण त्याला उद्या या म्हणू शकत नाही, कारण उद्या पोर्टल बंद असतं. नेटचं बिल महिन्याला सहाशे-सातशे आणि वर अठरा टक्के जीएसटी, पण या गोंधळाची किंमत कुणाच्याच बिलात येत नाही.

तांब्यावर माझा राग नाही. २००५ ला बीएसएनएलनं डेटावन आणलं तेव्हा त्याच लँडलाईनच्या जोडीवरून आपल्या गावांत ब्रॉडबँड आलं, पहिला सायबर कॅफे, पहिला ऑनलाईन रिझल्ट सगळं त्याच वायरीवर. पण ती जोडी मुळात बोलण्यासाठी टाकलेली. आवाजाला साडेतीन किलोहर्ट्झच्या आतलं काम, एडीएसएल-२+, म्हणजे लँडलाईनवरून नेट द्यायचं तंत्र, मात्र त्याच वायरीत २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं, आणि जितकी फ्रिक्वेन्सी वर तितकी ती अंतरानं लवकर मरते. म्हणून एक्स्चेंजच्या शेजारी चोवीस एमबीपीएसपर्यंत मिळायचं आणि तीन किलोमीटरवर आठच्या आसपास. पुढं व्हीडीएसएल-२ आलं, शंभरपर्यंत जातं पण काही शे मीटरातच, म्हणजे फायबर चौकापर्यंत आणावंच लागतं. युरोपात हा प्रकार खूप चालला आणि तिथं पण याला फायबर म्हणायचं का यावर भांडण झालं. फ्रान्सनं २०१६ पासून नियमच केला की शेवटचा तुकडा फायबर नसेल तर जाहिरातीत फायबर लिहिताना ते सोबत सांगायचं. ब्रिटनमध्ये सिटीफायबर नावाची कंपनी, अर्धवट फायबरला फायबर म्हणू देऊ नका म्हणून कोर्टात गेली पण २०१९ ला तिच्या विरोधात निकाल लागला. मला फ्रान्सचं पटतं. आपल्याकडं ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची व्याख्या २०२३ ला ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, ते चांगलंच, पण फायबर म्हणून काय विकायचं याचाही असाच साफ नियम पाहिजे.

असो. मी मागं लागलो, घरापर्यंत फायबर पाहिजे म्हणून. ऑपरेटर आधी म्हणाला तुमच्या गल्लीत स्प्लिटर नाही, मग म्हणाला चार-पाच घरं तयार करा, केली. आणि इथून पुढं त्याचं कौतुकच करायचंय.

काम करायला आलेला टेक्निशियन हिंगोलीकडचा, वयानं पोरसवदा पण हात एकदम साफ. त्यानं खांबावर आठ आउटपुटचा स्प्लिटर बसवला. त्या डबीला लाईट लागतच नाही, आलेला प्रकाश आठ ठिकाणी वाटला जातो, बस. मग ड्रॉप वायर ओढून दुकानात आणली आणि टेबलावर स्प्लायसिंग मशीन मांडलं. फायबरवरचं कोटिंग सोललं, स्पिरिटनं पुसलं, क्लीव्हरमध्ये धरून टोक सरळ कापलं. मशीनच्या छोट्या स्क्रीनवर दोन्ही टोकं मोठी होऊन समोरासमोर आलेली दिसतात, मशीन त्यांना स्वतःच रांगेत आणतं, एक बारीक ठिणगी पडते आणि दोन टोकांची एक काच होते. स्क्रीनवर लॉस ०.०२ आला तेव्हा तो खुश. मग स्लीव्ह सरकवून गरम केली. माझ्या पुतणीनं सगळं अगदी नाक लावून बघितलं, त्यानं तिला तुटलेले फायबरचे तुकडे मात्र हात लावू दिले नाहीत, “ताई, बोटात गेला तर दिसायचा पण नाही,” म्हणाला, आणि सगळे तुकडे एका बाटलीत भरून घेऊन गेला.

शेवटी पॉवर मीटर लावलं. “काका, मायनस एकोणीस यायलंय, झकास.” हा आकडा सगळ्यांनी लक्षात ठेवावा. डीबीएममध्ये असतो, मायनस जितका मोठा तितका प्रकाश कमी. जीपॉनच्या, म्हणजे एकच फायबर स्प्लिटरनं बऱ्याच घरांत वाटायच्या पद्धतीच्या, साधारण उपकरणांची हद्द मायनस सत्तावीसच्या आसपास, त्यामुळं मायनस वीस-बावीसपर्यंत उत्तम, पंचवीसच्या पुढं गेलं की पावसाळ्यात लाल लाईट लागायची भीती. फायबरच्या लांबीनं नुकसान फार होत नाही, १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.३५ डीबीच्या आसपास, खरा खर्च स्प्लिटरमध्ये होतो, आठचा स्प्लिटर साडेदहा डीबी खातो आणि बत्तीसचा सतरा. कुणाच्या घरी मायनस सव्वीस येत असेल तर बहुतेक कुठंतरी जॉइंट खराब आहे, कनेक्टर मळलाय, नाहीतर वायर दारात चेंगरली आहे किंवा खिळ्याभोवती गच्च वळवली आहे. काचेला तीव्र वळण दिलं की प्रकाश कडेनं बाहेर जातो.

या आतल्या काचेचा गाभा फक्त नऊ मायक्रॉनचा, बाहेरून १२५ मायक्रॉन. त्याच एका काचेतून १४९० नॅनोमीटरवर डेटा घरात येतो आणि १३१० वर बाहेर जातो, दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. चार्ल्स काओनं १९६६ ला मांडलं होतं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश लांबपर्यंत नेता येईल, त्याला २००९ ला नोबेल मिळालं. आणि आपल्या लोकांना हे पण माहीत असावं की ही काच आपल्याच मराठवाड्यात बनते. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्र्याला स्टरलाइटचे कारखाने आहेत, तिथलं फायबर देशाबाहेर पण जातं. इतक्या जवळ काच बनत असताना आपल्या घराच्या शेवटच्या दीडशे मीटरात पिळलेल्या तारा असाव्यात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आताचा अनुभव. अपलोड पंच्याण्णवच्या खाली येत नाही, मुंबईच्या सर्व्हरला पिंग, म्हणजे तिकडून उत्तर यायला लागणारा वेळ, पंधरा मिलिसेकंदाच्या आसपास स्थिर, आणि महत्त्वाचं म्हणजे ते दिवसभर स्थिर. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस ओएनटीला, म्हणजे फायबर घरात जिला जोडतात त्या डबीला, लावलाय, लाईट गेली तरी आमचं नेट जात नाही, कारण ऑपरेटरच्या ऑफिसपासून इथपर्यंत मध्ये लाईट लागणारी एकही डबी नाही. या जुलैत विम्याच्या दिवसांत लोक आले, कागदं चढवली, पावती घेतली, गेले. पुतणीच्या क्लासमध्ये सरांचा आवाज तुटत नाही.

एक मार्क कापला त्याची कारणं पण सांगतो. संध्याकाळी आठ ते अकरा डाऊनलोडचा स्पीड थोडा बसतो, साठ-सत्तरवर येतो. हे वायरीचं काम नाही, जीपॉनमध्ये एका पोर्टवर २.५ गिगाबिट डाऊनलोड बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटलेला असतो आणि ऑपरेटरनं वरून घेतलेली बँडविड्थ त्याहून कमी असेल तर गर्दीच्या वेळी कळणारच. दुसरं, त्यानं दिलेल्या ओएनटीला एकच गिगाबिट पोर्ट आहे आणि बाकीचे शंभरचे. शेजारच्या सरांना आता खरंच दोनशे यायला पाहिजेत तरी पंच्याण्णवच दिसायचे, राऊटर चुकीच्या पोर्टात होता, पोर्ट बदलला आणि लगेच दोनशेच्या जवळ गेलं. टेक्निशियननं जाताना एवढं सांगायला पाहिजे होतं. तिसरं, दुरुस्ती. लॅन केबल तुटली तर कुणीपण पोरगा येऊन जोडायचा, फायबर तुटलं तर मशीनवाला माणूसच लागतो आणि आमच्या ऑपरेटरकडं मशीन एकच आहे, ते सेलूला गेलं असेल तर थांबावं लागतं. आणि रस्ता ओलांडताना ड्रॉप वायर खाली लोंबते. दिवाळीनंतर कारखाने चालू झाले की डबल ट्रॉलीवर उसाच्या मोळ्या रचून ट्रॅक्टर निघतात, गेल्या सीझनला पलीकडच्या गल्लीतल्या सगळ्या वायरी एका ट्रॉलीनं ओढून नेल्या. गणपतीच्या मिरवणुकीत निदान काठी घेऊन वायर उचलणारा माणूस पुढं चालतो, उसाच्या ट्रॉलीपुढं कोण चालणार? वायर उंच घ्या म्हणून सांगितलंय, अजून घेतलेली नाही.

गावाकडं आमचं जुनं माळवदाचं घर आहे, तिथला प्रश्न पुढचा. भारतनेट, म्हणजे २०११ ला मंजूर झालेली आणि २०१५ पासून या नावानं चाललेली योजना, मुळात अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची होती. ऑगस्ट २०२३ ला सुधारित कार्यक्रमाला जवळपास १.३९ लाख कोटी मंजूर झाले, त्यात रिंग पद्धत, म्हणजे एका बाजूनं फायबर तुटलं तरी दुसऱ्या बाजूनं चालू राहील अशी जोडणी, आणि घरगुती फायबर कनेक्शनवर भर आहे, आणि तेच बरोबर आहे, कारण पंचायतीच्या भिंतीपासून लोकांच्या घरापर्यंतचं अंतर तसंच राहिलं तर पोरं मोबाईलच्या टॉवरवरच राहणार. आणि माळवदाच्या घरात राऊटर कुठं ठेवायचा तेपण बघा, दोन-अडीच फुटांच्या मातीच्या भिंतीतून वायफाय जात नाही, पडवीत ठेवा किंवा आतल्या खोलीला साधी लॅन केबल टाका, घराच्या आत वीस मीटर अस्सल तांब्याला काही त्रास नाही.

नवीन कनेक्शन घेणाऱ्यांनी ऑपरेटरला सरळ विचारायचं की भिंतीतून आत काय येणार. पातळ चपटी किंवा गोल ड्रॉप वायर आणि तिच्या टोकाला हिरवा किंवा निळा कनेक्टर असेल तर फायबर, जाड आठ तारांची आणि टोकाला पारदर्शक आरजे-४५ असेल तर लॅन. बसवल्यावर पॉवर मोजून तो आकडा बिलाच्या मागं लिहून घ्यायचा, पुढं तक्रार करताना कामाला येतो.

आमच्या गल्लीतल्या स्प्लिटरवर अजून दोन पोर्ट मोकळे आहेत. गल्लीत ज्यांच्याकडं लॅन केबलच चालू आहे त्यांनी या महिन्यात माझ्या दुकानात नाव द्यावं, एकत्र अर्ज दिला तर ड्रॉप वायरचे पैसे कमी करतो असं ऑपरेटर म्हणालाय, आणि वायर उंच घ्यायचं पण त्याच वेळी होऊन जाईल, ऊस सुटायच्या आत.